अर्थ बदलता ना? मग नावही बदला!

तीन दिवस. एका नावापायी माझे तीन दिवस गेले, आणि आज दुपारी कारण सापडल्यावर आनंद व्हायच्या ऐवजी डोकंच फिरलं.

कॅमेऱ्याचा ड्रायव्हर लिनक्स कर्नल ५.१५ वरून ६.६ वर न्यायचा होता. बिल्ड झाला, एकही वॉर्निंग नाही. बोर्डवर टाकला तर बफरच मिळेना! ५.१५ वर निमूट मिळणारा मेमरीचा ४ एमबीचा सलग तुकडा, आणि आता तोंडावर ईइनव्हॅल, म्हणजे 'मागणीच चुकीची' ही एरर. आधी हार्डवेअरवर संशय घेतला. मग डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डवरच्या हार्डवेअरची यादी, उलटीपालटी केली. डीएमए मास्क, म्हणजे कॅमेऱ्याला कुठवरची मेमरी गाठता येते ती मर्यादा, तपासला. रात्री दोनपर्यंत कोडमध्ये प्रिंटके, म्हणजे लॉगमध्ये छापणाऱ्या ओळी, टाकत बसलो. शेवटी निघालं काय, तर मॅक्स_ऑर्डर! कर्नल एका वेळी केवढा सलग तुकडा देईल, त्याची ही मर्यादा; ऑर्डर म्हणजे पेजेसची संख्या दोनाचा कितवा घात आहे ते. आमच्या कोडमध्ये साधी तपासणी होती: ऑर्डर मॅक्स_ऑर्डरएवढी किंवा मोठी असेल तर एरर देऊन परत फिर. ४ केबीच्या पेजमध्ये ४ एमबी म्हणजे १०२४ पेजेस, ऑर्डर १०. पूर्वी मॅक्स_ऑर्डर होतं ११, म्हणायचं मॅक्स आणि मिळायचं एकने कमी. २०२३ मध्ये, ६.४ ला, ते १० केलं. आता मॅक्स म्हणजे खरंच मॅक्स.

बदल योग्यच होता. जुन्या अर्थाने खुद्द कर्नलमध्येच कितीतरी बग करून ठेवले होते. पण मग नाव तेच का ठेवलंत? आतला माल बदलायचा आणि पाटी जुनीच? नाव बदललं असतं तर कंपायलर मिनिटात बोंबलला असता. ६.८ ला बदललंच की, मॅक्स_पेज_ऑर्डर! पण ६.६ हा एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळला जाणारा कर्नल, आणि तोच नेमका मधल्या खड्ड्यात.

६.१५ ला टायमर थांबवणाऱ्या फंक्शनचं डेल_टायमर हे जुनं नाव गेलं, टायमर_डिलीट राहिलं, तर आमच्या टीममध्ये केवढा आरडाओरडा! अरे, बिल्ड पडला, एरर वाचली, सगळीकडे नाव बदलणारी एक सेड कमांड चालवली, चहा गार व्हायच्या आत काम संपलं. ते मोडणं डोळ्यांसमोरचं होतं.

आणि टास्क_स्ट्रक्टमधला, म्हणजे कर्नलच्या प्रत्येक थ्रेडच्या नोंदीतला, तो पिड (प्रोसेस आयडी)! नाव पिड, आत थ्रेडचा नंबर. प्रोग्रॅममधून गेटपिड केलं की हातात येतो टीजीआयडी, म्हणजे अख्ख्या प्रोसेसचा नंबर. दर वर्षी नवीन पोरांना हे समजावताना घसा बसतो माझा. युजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅम्सना, दिलेली नावं हलवता येत नाहीत, कळतं मला. पण टास्क_स्ट्रक्ट तर कर्नलच्या घरातलंच ना?

मागच्या महिन्यात आमच्या ड्रायव्हरमधला 'लेन' (लांबी) हा व्हेरिएबल मी दुरुस्त केला. एका फंक्शनमध्ये तो बाइट्स मोजायचा, दुसऱ्यात पेजेस. मी लेन_बाइट्स आणि एनआर_पेजेस अशी दोन नावं केली. रिव्ह्यूत सिनियर म्हणाले, "चालतंय ना? मग कशाला हात लावतोस? गिट ब्लेम खराब होतं." (गिट ब्लेम म्हणजे कोणती ओळ कोणी, कधी बदलली ते दाखवणारी कमांड.) गिट ब्लेमला एखादं कमिट वगळायला सांगता येतं, २०१९ पासून येतं! पॅच तिथेच पडला.

उद्या तोच पॅच पुन्हा पाठवतोय. या वेळी कमिट मेसेजमध्ये हे तीन दिवस लिहिणार आहे, तारखांसकट.