रॅम्सबॉटममध्ये राम नाही, लसूण आहे

कांदेनवमी झाली की आमच्या काकांच्या घरात लसणाची पाकळीसुद्धा शिरत नाही. त्याच काकांनी परवा घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला: 'रॅम्सबॉटम या इंग्रजी आडनावात राम आहे, बॉटम म्हणजे चरण, तिथे रामाच्या पादुका होत्या. रॅम्सगेट म्हणजे रामघाट, रॅम्झी म्हणजे रामाचे वंशज. ही माणसं इंग्लंडभर पसरलीत, इंग्रजांनी दडवलं.' खाली नमस्कारांची रांग. काका, राग मानू नका, पण आता राहवत नाही.

रॅम्सबॉटम हे आधी गाव, मग आडनाव. मँचेस्टरच्या उत्तरेला, अर्वेल नदीच्या खोऱ्यात. गाव सोडून गेलेल्याला लोक गावाच्या नावानं ओळखू लागले, आपल्या 'कर'सारखंच. १३२४ च्या नोंदीत गावाचं नाव 'रोम्सबॉथम' आहे. जुन्या इंग्रजीत 'ह्राम्सा' म्हणजे रानलसूण, पुढे त्यातला 'ह' गळाला. वसंतात ओलसर झाडीत त्याची पांढरी चांदणीसारखी फुलं येतात आणि पान चुरडलं की बोटांना वास राहतो. 'बॉथम' म्हणजे खोऱ्याचा तळ. झालं, लसणाचं खोरं! काही अभ्यासक 'रम्म', म्हणजे मेंढा, असंही धरतात. भांडण आहे ते लसूण की मेंढा एवढंच.

आणि बॉटम म्हणजे चरण? मग विंटरबॉटम हे हिवाळ्याचे चरण का? ते हिवाळ्यात गुरं चारायचं खोरं. सायडबॉटम म्हणजे रुंद खोरं.

रॅम्सगेट तिकडे केंटच्या किनाऱ्यावर. तिथला 'गेट' म्हणजे समुद्रकड्यातली खिंड, आणि 'रॅम्स' डोमकावळ्याचा, नाहीतर त्या नावाच्या कुणा माणसाचा. स्कॉटलंडच्या रॅम्झींचं नाव केंब्रिजशायरच्या रॅम्झी गावावरून, आणि ते गाव म्हणजे लसणाचं बेट. पुन्हा लसूणच!

इंग्लंडभर म्हणाल, तर १८८१ च्या जनगणनेत रॅम्सबॉटम मंडळी मुख्यतः लँकेशायरातच दाटलेली दिसतात. गावाच्या आसपासच की.

एक मात्र नाइलाजानं कबूल करतो. 'बॉटम' आणि संस्कृत 'बुध्न', म्हणजे तळ, हे एकाच मुळातून फुटलेले चुलतभाऊ. तुमच्या पंचांगात उत्तराभाद्रपदाची देवता अहिर्बुध्न्य आहे ना, त्यातला तो बुध्न. म्हणजे ज्या अर्ध्या शब्दाचं संस्कृतशी अस्सल नातं होतं, त्याचे मेसेजवाल्यानं चरण केले, आणि लसणाला रामनाम दिलं.