त्या ३८ जणांची गोष्ट पुन्हा फिरतेय

‘न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली ३८ लोकांनी खिडकीतून एका मुलीचा खून अर्धा तास पाहिला, एकानेही फोन केला नाही. मानसशास्त्राने सिद्ध केलंय, गर्दीत कुणी मदत करत नाही. म्हणून अपघात दिसला तरी थांबू नका, पोलीस तुम्हालाच अडकवतील. शहरी माणूस मेलाय.’

फॅमिली ग्रुपवर हे आत्याने टाकलं. त्यावर नोकरीसाठी मुंबईला निघालेली भाची मला विचारते, “मामा, गर्दीत खरंच कुणी येत नाही?” म्हणून हा खटाटोप.

खून झाला हे खरं. १३ मार्च १९६४ची पहाट, क्वीन्समधलं क्यू गार्डन्स, किटी जेनोव्हीज, वय २८. दोन आठवड्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर छापलं की ३८ जण बघत बसले. मथळ्यात मात्र ३७, कारण त्याच बातमीप्रमाणे एकाने शेवटी फोन केला होता. म्हणजे ‘एकानेही नाही’ हे त्या बातमीप्रमाणेही पूर्ण खरं नाही.

बातमीत तीन हल्ले होते, झाले दोन. पहिल्या वेळी एक शेजारी खिडकीतून ओरडला आणि हल्लेखोर पळाला. किटी कशीबशी इमारतीला वळसा घालून मागच्या दारापर्यंत गेली. तो परत आला आणि दुसरा हल्ला केला तो दारातून आत, जिन्यापाशी. समोरच्या खिडक्यांतून तिथलं दिसणार काय, कपाळ? सोफिया फेरार ही शेजारीण, मारेकरी अजून तिथेच आहे की गेला हे माहीत नसताना, धावत खाली आली आणि किटीला कुशीत धरून बसली. हिला मेसेजमध्ये जागा नाही. शेजाऱ्यांपैकी दोघांनी शेपूट घातलं हेही खरं, पण दोन म्हणजे ३८ नव्हेत. मॅनिंग, लेव्हिन आणि कॉलिन्स या संशोधकांनी खटल्याची कागदपत्रं तपासून २००७ साली ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात मांडलं, की ३८ जण नुसते बघत राहिले याला पुरावाच नाही. २०१६ साली खुद्द ‘टाइम्स’ने आपली बातमी सदोष होती हे कबूल केलं.

‘मानसशास्त्राने सिद्ध केलंय’ यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मानतो. डार्ली आणि लाटाने या मानसशास्त्रज्ञांच्या १९६८च्या प्रयोगात इंटरकॉमवर कुणाला तरी फिट आल्याचं ऐकू यायचं. ऐकणारे आपणच एकटे असं वाटलं तेव्हा ८५ टक्के लोक मदतीला उठले; आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं तेव्हा ३१ टक्के. पण हा हिशोब एकेका माणसाचा. भाचीचा प्रश्न वेगळा आहे: कुणीतरी येईल का? ॲम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउनमधल्या रस्त्यावरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं, तर दहातल्या नऊ वेळा कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं. माणसं जास्त, तितकी ती शक्यताही जास्त.

‘थांबू नका’ने मात्र माझं डोकं फिरलं. यापायी रस्त्यावर पडलेल्याचा जीव जाईल. पोलिसांच्या ससेमिऱ्याची धास्ती पूर्वी खोटी नव्हती. पण २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. नाव-पत्ता सांगायची सक्ती पोलीस तुमच्यावर करू शकत नाहीत. १०८ला फोन लावा. गर्दी नुसती उभी असेल तर एकाकडे बोट दाखवून म्हणा, “ओ निळा शर्ट, तुम्ही लावा फोन.” सगळ्यांवर सोडलेलं काम जो तो दुसऱ्यावर ढकलतो, एवढं त्या प्रयोगातून घ्यायला हरकत नाही.

‘शहरी माणूस मेलाय’ला उत्तर देत बसत नाही. आत्या स्वतः दादरला राहते.