काळा कोंडा

पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर काळे पापुद्रे दिसले तर घाबरून डोक्याला औषध लावू नका. तो कोंडा तुमचा नाही, तुमच्या हेडफोनचा आहे. मुंबईचा एक पावसाळा काढलेला हेडफोन असाच वयात येतो. ज्यांना हे सुख अजून लाभलेलं नाही, त्यांनी आपला हेडफोन पुढीलप्रमाणे निवडावा.

सुरुवात छापील किमतीपासून करा. ७,९९० वर काट मारून १,४९९ लिहिलेलं असलं की आपण साडेसहा हजार कमावले असं समजायचं. त्या ७,९९० ला तो कुणी कधी घेतला होता का, असले प्रश्न कोत्या मनाची माणसं विचारतात.

मग बास, म्हणजे खालच्या स्वरांचा घुमणारा आवाज. दुकानदाराने "बास एकदम भारी आहे, साहेब" म्हटलं की पाकीट बाहेर. तुम्ही काय ऐकता हे त्याने विचारू नये आणि तुम्ही सांगू नये. ख्याल ऐकत असाल तर फारच उत्तम. डग्गा असा घुमेल की तानपुरा शेजारच्या खोलीत लावलाय असं वाटेल. ज्या जवारीसाठी, म्हणजे तारांच्या झणकारत्या गुंजेसाठी, तानपुऱ्याच्या घोडीवर दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत बसतात, ती त्या घुमण्यात विरघळून जाईल. लावणी लावलीत तर ढोलकीच्या टणत्काराचा 'धप्प' होईल. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेलं गाणं असेल तर आणखी मजा. त्यात खालचे स्वर मुळातच फारसे नसतात, त्यामुळे फुगवलेला बास गाण्याला काही देत नाही, तबकडीची घरघर मात्र थाटात ऐकवतो.

दोन हेडफोनची तुलना करायची तर एकाचा आवाज थोडा मोठा ठेवा. मोठा वाजणारा नेहमी चांगला वाटतो आणि दुकानालाही तोच विकायचा असतो.

ओम म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं माप. ओमचा आकडा मोठा तेवढा माल भारी. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० हा ३२, ८० आणि २५० ओममध्ये मिळतो. तुम्ही २५०चाच घ्या. फोनला लावलात की तो कुजबुजेल, मग त्याच्यासाठी वेगळा ॲम्प्लिफायर घ्या, आणि तो ॲम्प्लिफायर लोकलमध्ये कडेवर घेऊन फिरा.

आयफोनवाल्यांनी एलडॅकसाठी, म्हणजे ब्लूटूथवरून जास्त बारकाव्याने आवाज पाठवायच्या सोनीच्या पद्धतीसाठी, आवर्जून जास्त पैसे मोजावेत. आयफोनला एलडॅक चालत नाही, पण खोक्यावरचा सोनेरी स्टिकर छान दिसतो.

रोज विरार ते चर्चगेट जाणाऱ्यांनी ओपन-बॅक घ्यावा. त्याच्या जाळीतून आवाज आतबाहेर मोकळा फिरतो, त्यामुळे तुमची आवड चौथ्या सीटवरच्यालाही कळते आणि त्याचं घरचं भांडण तुम्हाला. नॉइज कॅन्सलेशनवाला घेतलात तर मात्र सगळं शांत होईल असं मनाशी ठरवूनच डब्यात चढा. गाडीची एकसुरी घरघर आणि पंख्याची गुणगुण तो खरंच खाऊन टाकतो. आणि ती गेल्यावर शेजारच्याचं रील आणि भजनी मंडळाच्या झांजा पहिल्यापेक्षा स्वच्छ ऐकू येतात.

आता आराम. हेडफोन घालून बघायला मागूच नये. "सील फोडलं तर घ्यावं लागेल" हे ऐकून गप्प बसावं. फारच हट्ट केलात तर अर्धं मिनिट मिळेल आणि अर्ध्या मिनिटात कुठलाही हेडफोन मऊच लागतो. चष्म्याची काडी कानामागे रुतायला वीसेक मिनिटं लागतात, डोक्यावरच्या पट्टीचा दाब टाळूवर जाणवायला अर्धा तास. कानाची पाळी आतल्या जाळीला टेकून दुखायला लागते तोवर तुम्ही दादर ओलांडलेलं असतं. प्रौढ माणसाचा कान साधारण सहा सेंटिमीटर उंच असतो. कानाभोवती बसणाऱ्या गादीचं, म्हणजे पॅडचं, भोक पाचचं असलं तर कान कुठे जाणार, हे पट्टी लावून मोजू नका, दुकानदार हसेल. चष्म्याच्या काडीमुळे पॅड आणि गाल यांच्यात फट राहते, त्या फटीतून बास निसटतो आणि मग तुम्ही आणखी बासवाला हेडफोन शोधायला निघता. हे चक्र चालू राहिलं पाहिजे, बाजार त्यावर चालतो. वजनाचं म्हणाल तर सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ आहे २५० ग्रॅमचा, ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स ३८५चा. डोक्यावर नुसता पाव किलो कांदा ठेवायचा की वर अर्धपावाची भर घालायची, हे आपल्या ऐपतीप्रमाणे.

आणि पॅड. पॅडबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

खोक्यावर 'प्रोटीन लेदर' लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवा. प्रत्यक्षात ते कापडावर चढवलेलं पॉलियुरेथेनचं पातळ साल असतं. हवेतली ओल आणि ऊब मिळून त्या सालातले बंध हळूहळू तोडतात. घामाने आणि केसांच्या तेलाने काम लवकर उरकतं. कपाटात जपून ठेवलेले बूट लग्नाच्या दिवशी बरोबर मांडवात तुकडे होऊन सुटतात ना, तोच प्रकार. वापरा की डब्यात ठेवा, साल सुटायचं ते सुटतंच. आधी आतल्या कडेला, कानाच्या मागे येते तिथे, नखाएवढी भेग पडते. आठवड्याभरात तिचे पापुद्रे होतात. ते कानात, कॉलरवर, उशीवर, दाढीत अडकतात. साल गेलं की आतला फोम घाम पितो आणि चपटा होतो, कान जाळीला टेकतो, फट पडते, बास जातो. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी पैसे मोजले, आराम आणि आवाज, त्या दोन्ही एका रिंगणाएवढ्या फोमवर उभ्या होत्या. यंत्र ठणठणीत, बॅटरी ठणठणीत, ब्लूटूथ ठणठणीत. आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर परवाच मिळालेलं उत्तर: "पॅड येत नाहीत. एक्सचेंजमध्ये नवीन घ्या, वीस टक्के सूट देतो."

पॅड येत नाहीत म्हणजे काय? कारखान्यातून आले होते ना एकदा? रॉकेटचा भाग मागतोय का कुणी?

सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१चा. त्याचेही पॅड झडतात, चांगलेच झडतात, पण नवे मिळतात, खाचेतली कड बोटाने ओढली की जुना निघतो, दोन मिनिटांत नवा बसतो. सेनहायझरचा एचडी ६०० आला १९९७ साली. त्याचे मखमली पॅड आजही विकत मिळतात. तीस-तीस वर्षं जुन्या मॉडेलचे पॅड मिळतात आणि गेल्या दिवाळीला घेतलेल्याचे मिळत नाहीत, याला तंत्रज्ञानाची प्रगती म्हणायचं का? कित्येक हेडफोनचे पॅड तर गोंदाने चिकटवलेले. काढायला पातं लावलंत की जाळीवरचं कापड फाटतं. मग लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायचं, 'युनिव्हर्सल' पॅड शोधायचा, लंबगोल कपावर गोल पॅड ओढूनताणून बसवायचा. तो जाड निघाला की कान लांब जातो आणि आवाजाचा पोतच बदलतो, गाणारी बाई जिन्यात उभी राहून गातेय असं वाटतं. म्हणजे दुरुस्तीही धड नाही.

काही शे रुपयांचा भाग मुद्दाम विकायला ठेवायचा नाही आणि त्याच्यापायी धडधाकट यंत्र कचऱ्यात घालायला लावायचं, ही लबाडी आहे. दमट शहरात ओलीला न टिकणारं साल विकायचं, त्याला लेदर म्हणायचं आणि वॉरंटीत 'पॅड वगळून' असं बारीक अक्षरात छापायचं, हीसुद्धा लबाडीच आहे.

आणि तुम्ही हो! ड्रायव्हर, म्हणजे आतला छोटा स्पीकर, किती मिलिमीटरचा हे विचारता, बॅटरी किती तास चालते हे विचारता, काळा आहे का निळा हे दहादा विचारता. पॅड निघतात का, कसे निघतात, नवी जोडी कितीला आणि कुठे मिळते, हे का विचारत नाही? काउंटरवरच्या पोराला माहीत नसेल तर तिथल्या तिथे फोनवर मॉडेलचं नाव टाकून पॅड शोधा, दोन मिनिटांचं काम आहे. सापडले नाहीत तर खोकं परत ठेवा आणि निघा. मखमली किंवा कापडी पॅडचा मिळत असेल तर तो बघा, बास थोडा कमी होईल, बाहेरचा आवाज थोडा आत येईल, पण कोंडा पडणार नाही. वापरून झाल्यावर पॅड कोरड्या फडक्याने पुसा, पंख्याखाली अर्धा तास टांगा, ओला हेडफोन प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. आणि डोक्याला खोबरेल थापून त्यावर हेडफोन चढवायचं आधी बंद करा.