शाल घातली, बोर्ड कधी लावणार?

काल नगरपालिकेच्या मासिक सभेत आमच्या रस्त्याचा विषय सतराव्या नंबरला होता. सभा अकराव्या विषयावर संपली. उरलेले विषय पुढच्या महिन्यात घेऊ म्हणाले, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि खुर्च्या सरकल्या.

मी गिरणी बंद ठेवून गेले होते. गुरुवार, म्हणजे आमच्या गावचा बाजार. खेड्यातल्या बायका बाजाराला येताना दळण घेऊन येतात, जाताना पीठ घेऊन जातात. आठवड्याची निम्मी कमाई त्या एका दिवसात होते. तरी शटर ओढलं, खडूनं ‘चारनंतर’ लिहिलं आणि आमच्या पेठेतल्या सहा जणांबरोबर जाऊन बसले. सभेची वेळ अकराची. सुरू झाली सव्वाबाराला. आणि सव्वाबारापासून पावणेदोनपर्यंत काय झालं? सत्कार.

पोलिसांच्या सत्काराचा मला राग नाही. चोरीच्या मोटरसायकली शोधून काढल्या, गणपती विसर्जनाला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पावसात उभे राहिले, त्यांचं कौतुक व्हायलाच पाहिजे. आमच्या चौकात जो हवालदार असतो त्याला मी रोज बघते. आमच्या कर्नाटकातल्या पोलीस शिपायांना इतकी वर्षं ती एका बाजूनं दुमडलेली जड हॅट होती. उन्हात ती काढून कपाळ पुसायचं आणि परत घालायची, असं दिवसातून शंभर वेळा करताना मी त्याला पाहिलंय. २०२५ मध्ये सरकारनं निळी टोपी आणली तेव्हा मलाही बरं वाटलं. त्याच्या खांद्यावर शाल पडली तेव्हा टाळी मीही वाजवली, मनापासून.

पण त्यानंतर प्रत्येक नगरसेवक भाषणाला उठला. एकामागून एक, सगळे. प्रत्येकानं तेच सांगितलं, पोलीस आहेत म्हणून आपण सुखानं झोपतो. फोटो काढले. मागचे लोक दिसत नव्हते म्हणून परत काढले. फेटे कमी पडले म्हणून एकाला दुकानात पाठवलं आणि तो येईपर्यंत सभागृह थांबलं. एकशे चौतीस सह्यांचा आमचा अर्ज टेबलावरच्या फायलीत होता. त्याला पाच मिनिटं मिळाली नाहीत. आणि आम्हाला उठून बोलताही येत नाही. प्रेक्षकांनी गप्प बसायचं, आपल्या वॉर्डाचा नगरसेवक आपल्या वतीनं बोलणार. आमचा नगरसेवक फोटोत होता.

आता त्या अर्जात काय होतं ते सांगते.

आमचा रस्ता बसस्टँडपासून निघतो, हायस्कूलवरून पेठेतून जातो आणि पुढं कारखान्याच्या रस्त्याला मिळतो. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने बेळगाव जिल्ह्यात आहेत. दिवाळी झाली की धुराडी पेटतात आणि शिमग्यापर्यंत चिक्कोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी, कुठल्याही रस्त्याला लागा, पुढं उसाचा ट्रॅक्टर असतोच. मी शेतकऱ्याची मुलगी आहे. ऊस वेळेत गेला नाही तर वजन घटतं, घरात काय होतं ते मी बघितलंय. त्यामुळं ऊस नको असं आमच्या पेठेत कुणी म्हणत नाही. पण दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला ऊस, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, टेप एवढा मोठा की मागून हॉर्न दिलेला ड्रायव्हरला ऐकू येत नाही, आणि हे सगळं शाळा सुटायच्या वेळेला, वीस फुटांच्या रस्त्यात. ट्रॉलीला रिफ्लेक्टर पाहिजे हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत १९८९ पासून लिहिलेलं आहे. कोण बघतं? ड्रायव्हरला खेपेवर पैसे मिळतात, कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लवकर लागला तर दिवसात एक खेप जास्त होते, म्हणून तो पळवतो. त्याचं पोट त्याच्यावर आहे. पण त्या पळवण्याला आवर घालायचं काम कुणाचं तरी आहे की नाही?

आणि मुलं! ट्रॅक्टर चौकात मंदावला की शाळेची पोरं मागं धावतात, ट्रॉलीतला ऊस उपसायला. लहानपणी आम्हीही उपसला असेल, पण तेव्हा बैलगाडी होती, आणि गाडीवान चाबूक दाखवायचा तेवढंच. आता पहिल्या ट्रॉलीचा ऊस ओढताना पोराच्या मागून दुसरी ट्रॉली येत असते. गेल्या हंगामात एका पोराचं दप्तर चाकाखाली गेलं. दप्तर! पट्ट्यातून हात निघाला म्हणून पोरगा वाचला. मी गिरणीतून ओरडत पळाले, गिरणीचा पट्टा चालूच राहिला, अर्धं पोतं जोंधळ्याचं पीठ जमिनीवर सांडलं, मला भान नव्हतं. त्या आठवड्यात मला झोप आली नाही.

शेजारच्या मावशींना तेवढं नशीब नव्हतं. बाहेर आलेल्या उसाचा धक्का लागून त्या गटारीच्या कडेला पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, कोल्हापूरला न्यावं लागलं. शेताचा तुकडा गहाण पडला. ट्रॅक्टर थांबलासुद्धा नाही, ड्रायव्हरला कळलंच नसणार. मावशी रस्त्यात का होत्या? कारण चालायला जागाच नाही. गटारीवर फरशा टाकल्यात त्या, लोकांनी चालावं म्हणून, पण त्यांच्यावर दुकानांची पोती, फ्रीज, बाहुल्या आणि पत्र्याची शेड आलीत. त्यांच्यापुढं गिऱ्हाइकांच्या गाड्या. गाड्यांपुढं हातगाडे. मग म्हाताऱ्या बाईनं चालायचं कुठं?

कर्नाटकाचा १९६४ चा नगरपालिका कायदा आहे. रस्त्यावर दिवे लावणं, रस्त्यातले अडथळे काढणं, ही पालिकेची बंधनकारक कामं आहेत. मर्जीची नाहीत, बंधनकारक. ती पोलिसांची नाहीत. आमच्या पेठेतले तीन खांब रस्ता रुंद करताना काढले, ते परत लागलेच नाहीत. चौकातला उंच खांबावरचा हायमास्ट दिवा झगझगतो, आणि शंभर पावलांवर मिट्ट अंधार. याच अंधारात बिनदिव्याच्या ट्रॉल्या येतात.

गतिरोधक मागितला तर दोन वर्षांपूर्वी रबराची पट्टी ठोकून गेले. तीन महिन्यांत ट्रॅक्टरच्या चाकांनी ती उखडली. खाली ठोकलेले खिळे तसेच वर आलेले आहेत, सायकली पंक्चर होतात. विचारायला गेलं तर म्हणतात रस्ता पीडब्ल्यूडीचा आहे. पीडब्ल्यूडीत गेलं तर म्हणतात गावातला भाग पालिकेनं मागून घेतलाय. कागद दाखवा म्हटलं तर साहेब दौऱ्यावर. आणि इकडं एका सदस्याच्या गल्लीत शंभर फुटांत तीन उंचवटे, सिमेंटचे, करवतीसारखे. गरोदर बाईला रिक्षातून नेताना रिक्षावाला दुसऱ्या गल्लीतून वळसा घालतो. याला माप असतं हो! रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेसनं दिलंय, ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, गोलसर, म्हणजे गाडी ताशी पंचवीस किलोमीटरच्या वेगानं आपटल्याशिवाय जाते. उंचवट्याच्या अलीकडं बोर्ड लावायचा, वर पांढरे पट्टे मारायचे. ते माप अर्जाला जोडलं होतं. चित्र काढून जोडलं होतं, माझ्या मुलीनं पट्टी घेऊन काढलेलं.

आणि मुख्य मागणी एकच होती. शाळा भरताना दीड तास आणि सुटताना दीड तास उसाच्या गाड्यांना पेठेतून बंदी. रिंगरोड आहेच. चार किलोमीटर जास्त पडतात, तेवढेच. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५. लोकांच्या सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर ठराविक गाड्या बंद करता येतात. बंदी महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात छापायचीसुद्धा गरज नाही, गावात नीट जाहीर केलं की झालं. एवढं सोपं. पालिकेनं ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडं पाठवायचा, पोलिसांचा अहवाल जोडायचा. कुणाच्या खिशातला रुपया जाणार नाही.

सभा संपल्यावर ज्याचा सत्कार झाला तोच हवालदार पायऱ्यांवर भेटला. शाल घडी करून पिशवीत घालत होता. कन्नड माणूस आहे, पण आमच्याशी मराठीतच बोलतो. म्हणाला, “अक्का, तुमचा विषय आला नाही काय? मी रोज त्या ट्रॅक्टरवाल्यांना हात जोडतो. बोर्ड नाही तर केस कशी घालू? तो विचारतोय, कुठं लिहिलंय नो एंट्री? मी काय सांगू त्याला?” त्याच्याकडं शिट्टी आहे आणि हात आहेत. बाकी काही नाही. दीड तास ज्याची स्तुती केली त्या माणसाला काय हवंय हे त्या सभागृहात एकानंही विचारलं नाही. त्याला शाल नको होती, बोर्ड हवा होता.

आणखी एक सांगते, कारण हे माझ्या दारात घडलंय. मागच्या महिन्यात त्यानंच एक पोरगा अडवला. नववीतला असेल, गाडीवर तिघं, नंबरप्लेट वाकवलेली. २०१९ पासून कायदा असा आहे की अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर आई-बापाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. पोरगा घाबरला नाही. त्यानं फोन लावला आणि हवालदाराच्या हातात दिला. “मामा बोलतायत.” दोन मिनिटांत गाडी सुटली. जाताना पोरानं माझ्या गिरणीसमोर मुद्दाम ॲक्सिलेटर पिरगाळला. तो मामा काल व्यासपीठावर होता. त्यानंच हवालदाराला फेटा बांधला, पाठीवर थाप मारली आणि कायद्यासमोर सगळे सारखे यावर भाषण केलं. हवालदार खाली बघत होता. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत होते आणि माझं अंग तापलं होतं. माणसाला भर चौकात कमीपणा आणायचा आणि महिन्यानं त्यालाच फेटा बांधायचा, हा कुठला सन्मान? सन्मान करायचा असेल तर फोन करू नका!

मधल्या वेळेत आमच्यातल्या एकानं हिंमत करून एका सदस्याला विषय लवकर घ्या म्हणून विनंती केली. त्यांनी फाइल उघडली, पहिलं पान बघितलं आणि म्हणाले, अर्ज मराठीत का? दुसरं पान कन्नडमध्ये होतं. तेच सगळं, ओळीला ओळ, आमच्याच पेठेतल्या कन्नड बाईंनी लिहून दिलेलं, त्यांची सही तिसऱ्या नंबरला आहे. पान उलटायचेसुद्धा कष्ट नाहीत. गाडी कोल्हापूरची एमएच ०९ असो की चिक्कोडीची केए २३, ट्रॉलीचं चाक माणसाची भाषा विचारत नाही, आणि त्या एकशे चौतीस सह्यांत दोन्ही लिप्या आहेत. आमच्या पेठेत या विषयावर भांडण नाही. ते लावायला बघितलं याची मला सगळ्यात जास्त चीड आली.

पुढची सभा महिन्यानं. तोवर हंगाम भर रंगात असेल, दिवस लहान झालेले असतील, आणि साडेपाचला शाळेचे जादा तास सुटतील तेव्हा अंधार पडायला आलेला असेल. मी वहीच्या मागच्या पानावर मोजणी ठेवलीय. परवा पाच ते सात या दोन तासांत माझ्या दारावरून एकेचाळीस ट्रॅक्टर गेले, त्यातल्या नऊलाच मागं रिफ्लेक्टर होता.

आम्ही थांबणार नाही. अर्जाच्या तीन प्रती काढल्यात. एक पालिकेत परत देणार आणि या वेळी पोचपावती घेतल्याशिवाय टेबल सोडणार नाही. एक पोलीस ठाण्यात, हवालदारानं सांगितलंय तसं. आणि सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही चौघी बेळगावला जातोय, जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत. मावशी म्हणतायत मलाही न्या, वॉकर घेऊन येते. त्यांना एसटीची पायरी चढवणार नाही म्हणून रिक्षावाल्यानं गाडी द्यायचं कबूल केलंय, डिझेलचे पैसे पेठेनं जमवलेत. गिरणी सोमवारीही बंद राहील. ज्यांचं दळण आहे त्यांनी रविवारी संध्याकाळपर्यंत आणून द्यावं.