खुलासा : उकळून बरणीत भरलेली फरसबी फ्रीजबाहेर टिकत नाही

ठाणे-ऐरोलीतल्या गच्चीबागेच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय : फरसबी मिठाच्या पाण्यात अर्धा तास उकळा, बरणी घट्ट बंद करा, फ्रीजशिवाय वर्षभर टिकते. हे धोक्याचं आहे. मातीतल्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम जिवाणूचे बीजाणू (त्याचं टणक, सुप्त रूप) 100 अंशांना मरत नाहीत. फरसबी आंबट नसते, तिचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या वर, म्हणजे या जिवाणूला रोखण्याइतका आंबटपणा नाही; हवाबंद बरणीत हे बीजाणू रुजतात आणि विष तयार होतं. वास बदलेलच असं नाही, त्यामुळे चाखून बघणंही नको. लोणच्याला आंबटपणा आणि मीठ राखतं, इथे आंबटपणा नाही, आणि उकळायच्या पाण्यातलं मीठ तेवढं पुरत नाही.

त्यापेक्षा शेंगा 3 मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, पुसून अगदी कोरड्या करून फ्रीझरमध्ये (उणे 18 अंश). ओल राहिली की गोळा होतो. भरलेल्या बरण्या न उघडता टाकून द्या. आणि तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.