पंचाहत्तरीनंतर अटॅक आला तर अँजिओग्राफी नकोच? त्या फॉरवर्डला उत्तर

हा मेसेज मला आठवडाभरात चार ग्रुपवर आला, त्यातला एक आमच्या भावकीचा, खाली भरपूर अंगठे. मेसेज थोडक्यात असा: वय ७५ च्या पुढे, सोबत शुगर, बीपी, किडनी, आणि हार्ट अटॅक आला तर अँजिओग्राफीला सही करू नका. या वयात स्टेंटने आयुष्य वाढत नाही हे म्हणे परदेशात सिद्ध झालंय, डायने (अँजिओग्राफीत वाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचतात ते औषध) किडनी जाते, रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी मेंदूत रक्तस्राव होतो, म्हणून छातीत दुखलं की घरीच सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) जिभेखाली ठेवा आणि जोरजोरात खोका. मी तालुक्याच्या गावात फिजिशियन आहे, माझ्याकडे कॅथलॅब (जिथे अँजिओग्राफी करतात ती खोली) नाही, स्टेंट पडला काय न पडला काय, मला दमडी मिळत नाही, हे आधीच सांगतो.

"परदेशात सिद्ध झालंय". यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते जास्त घातक आहे. अटॅक एकाच प्रकारचा नसतो. एकात रक्तवाहिनी पूर्ण बंद होते, ईसीजीत एसटी नावाची रेघ वर गेलेली दिसते, त्याला आम्ही स्टेमी म्हणतो. तिथे वय ६० असो की ८५, मिनिटं मोजायची असतात, दोन तासांत कॅथलॅब गाठता येत असेल तर अँजिओप्लास्टी (फुग्याने वाहिनी उघडून स्टेंट टाकणं), नाहीतर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन, आणि ७५ च्या पुढे टेनेक्टेप्लेज हे त्यातलं इंजेक्शन अर्ध्या डोसमध्ये देतात, म्हणजे वयाचा विचार झालेला असतोच. दुसरा प्रकार एनस्टेमी, म्हणजे रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) वाढलंय पण एसटी वर नाही. म्हातारपणी हाच जास्त दिसतो आणि खरा वाद याच्याबद्दल आहे.

याच्यावर ब्रिटनमध्ये सीनियर-रिटा नावाची ट्रायल झाली, २०२४ मध्ये निकाल आला. ७५ च्या पुढचे १,५१८ पेशंट, सरासरी वय ८२, त्यातले साधारण एक तृतीयांश अगदी थकलेले. निम्म्यांना फक्त औषधं, निम्म्यांना औषधं आणि अँजिओग्राफी, गरज पडली तर स्टेंट. चारेक वर्षांनी हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा अटॅक हे मिळून मोजलं तर अँजिओग्राफीवाल्यांत २५.६ टक्के, फक्त औषधंवाल्यांत २६.३ टक्के, म्हणजे फरक नाहीच. मेसेजवाला इथेच थांबला. पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण मात्र अँजिओग्राफीवाल्यांत ११.७ आणि फक्त औषधंवाल्यांत १५ टक्के होतं, आणि प्रोसिजरमधली गुंतागुंत एक टक्क्याहून कमी. त्याआधी २०१६ मध्ये नॉर्वेत ऐंशीच्या पुढच्या ४५७ पेशंटवर अभ्यास झाला होता, त्यात तर अँजिओग्राफीवाल्यांचा चांगलाच फायदा दिसला. आणि एक गोष्ट कुणी वाचतच नाही, ती म्हणजे या ट्रायलमधला "फक्त औषधं"वाला गट हॉस्पिटलमध्ये नीट औषधं घेत होता, घरी बसून खोकत नव्हता!

किडनीचं. भीती खोटी नाही, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेल्या माणसाला डाय देताना आम्हीपण दोनदा विचार करतो. पण उपाय आहेत, आधी सलाइन (हार्ट फेल्युअर असेल तर तेही जपून), डाय कमीत कमी, शुगरची मेटफॉर्मिन गोळी काही दिवस बंद, आणि घाई नसेल तर थोडं थांबून करायचं. बऱ्याच जणांचं क्रिएटिनिन थोडं वाढतं आणि खाली येतं. गंमत म्हणजे डायला घाबरणारी हीच मंडळी गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून वर्षानुवर्षं खातात, जी किडनीलाही वाईट, हृदयालाही वाईट, आणि रक्त पातळ करायच्या गोळीसोबत तर पोटातून रक्तस्राव व्हायची हमखास वाट. त्याच्यावर फॉरवर्ड कधी येत नाही.

गोळ्यांचा धोका खरा आहे, पण म्हणूनच म्हाताऱ्या माणसाला तरण्याताठ्याची चिठ्ठी देत नाहीत. रक्त पातळ करायच्या गोळ्यांतली प्रासुग्रेल ७५ नंतर शक्यतो टाळतात. नेदरलँड्सच्या २०२० च्या अभ्यासात ७० च्या पुढे क्लोपिडोग्रेल या गोळीवर टिकाग्रेलॉर या दुसऱ्या गोळीपेक्षा रक्तस्राव कमी दिसला. पोटासाठी पँटोप्रॅझोल, रक्त पातळ करायच्या इंजेक्शनचा डोस वय-वजन-किडनी बघून. पण स्टेंट पडल्यावर असला मेसेज वाचून कुणी रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या (अॅस्पिरिन आणि सोबतची दुसरी) अचानक बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि तो अटॅक पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो.

सॉर्बिट्रेट आणि खोकणं. बीपी आधीच पडलेलं असताना सॉर्बिट्रेट दिली तर माणूस तिथेच कोसळू शकतो, उजव्या बाजूचा अटॅक असेल किंवा व्हायग्रासारखी गोळी घेतली असेल (हो, सत्तरीतही घेतात, फक्त मुलासमोर सांगत नाहीत) तर अजून धोका. खोकण्याचा उपयोग कॅथलॅबमध्ये, मॉनिटरवर, डॉक्टर समोर असताना क्वचित होतो, घरी त्यात फक्त वेळ जातो. १०८ लावा, आणि अॅलर्जी किंवा कुठे रक्तस्राव नसेल तर साधी अॅस्पिरिन ३०० एमजी चावून खायला द्या.

आणि "छातीत दुखलं की" हेच मुळात चूक. वीस-वीस वर्षं शुगर असलेल्यांना बऱ्याचदा दुखतच नाही. परवा एक आजी आल्या, दोन दिवस दम लागतोय, घाम, ओकारी, घरात गॅस म्हणून ओवा चाललेला, ईसीजी काढला तर अटॅक.

खर्चाचं पटकन, कारण खाली सगळे "लुटतात" म्हणत होते. स्टेंटच्या किमतीला सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्येच मर्यादा घातली, तेव्हा औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची साधारण तीस हजारांच्या आत होती, आणि ७० च्या पुढच्यांना २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डवर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. बाकी बिलं फुगवणारे आहेत, नाही म्हणत नाही.

मी स्वतः काही जणांना अँजिओग्राफी नको म्हणतो. अंथरुणाला खिळलेले, कुणाला ओळखत नाहीत, कॅन्सर पसरलेला, अशांना औषधं आणि आराम पुरे. पण ते जन्मतारीख बघून नाही ठरवत. मी नातेवाइकांना विचारतो, पंधरा दिवसांपूर्वी आजोबा कसे होते, स्वतः अंघोळ करायचे का, पारापर्यंत चालत जायचे का, आणि शुद्धीत असतील तर त्यांनाच विचारतो काय हवंय. त्यानंतर जुने क्रिएटिनिनचे रिपोर्ट आणि गोळ्यांची पिशवी मागतो. येताना ती आणा, रिकाम्या स्ट्रिपा पण चालतील, "ती पांढरी छोटी गोळी" एवढ्यावरून रात्री दोन वाजता मला काही कळत नाही.