'बोटीवरून माणूस गायब होतोच कसा?' या तुमच्या एक स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री दुकानाचं शटर ओढता ओढता वाचला आणि घरी गेल्यावर मिस्टरांना परत मोठ्याने वाचून दाखवला. एका वाक्यात उत्तर देऊन मोकळं व्हावं असं काही ते नाहीये म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की क्रूझवरून नवरा गायब होतो ती थ्रिलर कादंबरी 'हातात घेतली की सुटणार नाही' म्हणून मी तुमच्या गळ्यात मारली आणि ती बोगस निघाली. हजारो माणसं, जिकडेतिकडे कॅमेरे, अशा बोटीवरून माणूस गायब होतोच कसा, झाला तर कॅप्टन बोट मागे का वळवत नाही, पोलीस का येत नाहीत, तुम्ही स्वतः मुंबई-गोवा क्रूझ करून आलात तिथे तर पावलोपावली सिक्युरिटी होती. वर एक प्रकरण दोनदा छापलेलं, आणि बदलून मागायला आलात तर काउंटरवरच्या मुलाने 'विकलेलं पुस्तक परत घेतलं जाणार नाही' हा बोर्ड दाखवला.

आधी त्या दोनदा छापलेल्या प्रकरणाचं बोलू, कारण सगळं तिथेच आहे. पुस्तक छापतात ते सोळा-सोळा पानांच्या फर्म्यात, मग बाइंडिंगला ते फर्मे क्रमाने एकावर एक रचतात आणि शिवतात. एखादा फर्मा दोनदा उचलला गेला की बऱ्याचदा त्याच्या पुढचा राहून जातो, जाडी तेवढीच दिसते त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. सोमवारी दुकान बंद असताना मी त्या कादंबरीच्या उरलेल्या नऊही कॉप्या खाली काढल्या आणि पान न पान मोजलं. सातमध्ये सगळं ठीक आहे, दोनमध्ये १९३ ते २०८ ही पानं दोनदा आहेत आणि २०९ ते २२४ नाहीतच. म्हणजे तेरावा फर्मा डबल आणि चौदावा गायब. तुमची कॉपी त्याच गठ्ठ्यातली, तुमच्याकडेही तेच झालं असणार, एकदा बघून घ्या.

आणि सर, तुमचे जेवढे प्रश्न आहेत ना, कॅप्टन, पोलीस, कॅमेरे, ते सगळे त्याच सोळा पानांत आहेत. कॅप्टन बोट वळवतो. पान २११ वर वळवतो. तुमच्यापर्यंत ते पोचलंच नाही, तुम्ही २०८ वरून एकदम २२५ वर गेलात, आणि तिथे बोट पुढच्या बंदराकडे निघालेली आहे, म्हणजे कुणालाही वाटणारच की ह्यांना कुणाची पडलेलीच नाही.

ही चूक आमच्याकडून झाली. छापणाऱ्यांची, बाइंडरची वगैरे असेल ती मी त्यांच्याशी बोलून घेईन, फोन झालाय, पण तुम्ही पैसे माझ्या काउंटरवर दिलेत. आणि तो बोर्ड पुस्तक वाचून झाल्यावर परत आणणाऱ्यांसाठी आहे, पानं कमी असलेल्या पुस्तकासाठी नाही. त्या मुलाला दोष देऊ नका, हा फरक मी त्याला कधी सांगितलाच नव्हता, आता सांगितलाय आणि बोर्डावर खाली एक ओळ वाढवलीय.

पण 'बोगस' ह्या शब्दाला मात्र मी हो म्हणणार नाही. माझे मिस्टर अकरा वर्षं क्रूझवर हाऊसकीपिंगला होते. करावेच्या चाणक्य ह्या मर्चंट नेव्हीच्या ट्रेनिंग कॉलेजमधली कॅडेट पोरं दुकानात येतात, रिटायर झालेले दर्यावर्दी येतात, ह्या विषयावरचं पुस्तक मी न वाचता कुणाला देत नाही. हे तर दोनदा वाचलंय, दुसऱ्यांदा मिस्टरांना शेजारी बसवून, जिथे खटकेल तिथे सांगा म्हणून.

गोष्टीतला नवरा रात्री दीडला बर्फ आणायला म्हणून केबिनमधून बाहेर पडतो आणि बायकोला जाग येते साडेसातला. बोट वीस नॉट्सने जातेय असं धरा, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर, सहा तासात झाले सव्वादोनशेच्या आसपास. आपल्या नेरूळहून निघून नाशिक मागे टाकून पुढे गेल्यासारखं, आणि मधे नुसतं पाणी. तो नक्की किती वाजता कुठे गेला हेच माहीत नाही तर वळून जायचं कुठे? आणि एवढं धूड जागच्या जागी थांबत पण नाही, पूर्ण वेगात असताना थांबायला एक किलोमीटरच्या वर जातं.

कॅमेऱ्यांचं म्हणाल तर ते रेकॉर्डिंग करतात, प्रत्येक कॅमेऱ्यासमोर चोवीस तास डोळे लावून कुणी बसलेलं नसतं. बंदरात उतरताना-चढताना तुमचं कार्ड मशीनवर वाजतं त्यामुळे किनाऱ्यावर कोण राहिलं ते लगेच कळतं, पण भर समुद्रात डेकवरून कोण कुठे गेलं हे कुठलंच कार्ड सांगत नाही. माणूस पडला की आपोआप अलार्म देणारी यंत्रणा असते, पण सगळ्या बोटींवर नाही. अमेरिकेने २०१० मध्ये क्रूझच्या सुरक्षेचा कायदा केला, कठडा कमीत कमी ४२ इंच हवा, केबिनच्या दाराला बाहेर बघायला भिंग हवं असं त्यात स्पष्ट लिहिलंय, पण ह्या यंत्रणेबाबत 'उपलब्ध असेल त्या प्रमाणात' अशी पळवाट ठेवली. कादंबरीत बायको तो कठडा स्वतःच्या ओढणीने मोजते तो प्रसंग आठवा, तो तुमच्या कॉपीत आहे, पान १८० च्या आसपास. लेखकाने तो उगाच नाही घातलेला.

पोलिसांचा मुद्दा तुम्ही सगळ्यात चिडून लिहिलाय आणि मला पण पहिल्यांदा तसाच राग आला होता. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, तिथपर्यंत त्या देशाचा समुद्र. त्याच्या पलीकडे मुख्यतः बोट ज्या देशात नोंदवलेली त्याचा कायदा चालतो, आणि मोठ्या क्रूझ बोटी बऱ्याचशा बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा इथे नोंदवलेल्या असतात, प्रवासी कुठले का असेनात. मुंबईच्या समुद्रात काही घडलं की यलो गेट पोलीस ठाण्याचं नाव पेपरात येतं म्हणून आपल्याला वाटतं सगळीकडे असं एक ठाणं असेलच. भूमध्य समुद्रात मध्यरात्री असं ठाणं नसतं, बोटीवरची सिक्युरिटी असते ती कंपनीची पगारी माणसं, आणि पुढच्या बंदरात कुणी यायच्या आत ती केबिन साफ पण झालेली असू शकते. त्या बाईची सगळी धडपड तीच आहे की त्या केबिनला कुणी हात लावू नये.

मिस्टरांच्या बोटीवर एकदा असा शोध झाला होता. एका आजींनी सकाळी सांगितलं की आजोबा रात्रीपासून नाहीत. आधी स्पीकरवर नाव पुकारलं, मग प्रत्येक केबिन, कपाटं, पलंगाखाली, लाँड्रीच्या ट्रॉल्या, लाइफबोटीवरचं कापड उचलून आत, सगळं बघितलं. मिस्टरांच्या वाट्याला एक अख्खा डेक आला होता. ते सांगतात, प्रत्येक दार उघडताना मनात एकच, आत असू दे. आजोबा सापडले पत्ते खेळायच्या खोलीत, सोफ्यामागे झोपलेले. पण तोपर्यंतचा दीड तास आजी कॉरिडॉरमध्ये उभ्या होत्या, आजोबांच्या चपला हातात धरून, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. हे मला त्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी इथे दोन लहान पोरांना घेऊन होते, आणि पुढे कितीतरी दिवस त्यांचा फोन यायला उशीर झाला की माझ्या डोळ्यासमोर त्या चपला यायच्या. ही कादंबरी वाचताना त्या बाईच्या जागी मला आजीच दिसत होत्या, म्हणून मी ती तुम्हाला एवढ्या आग्रहाने दिली.

तुमच्या दोन गोष्टी पटल्या. पहिली साठेक पानं खरंच संथ आहेत, जेवणाचे मेनू वाचून कंटाळा येतो. आणि अनुवादात एकाच वस्तूला एकदा डेक, एकदा मजला, एकदा तक्ता म्हटलंय, त्याने गोंधळ होतो, हे मी प्रकाशकांना पण कळवलंय. ह्यासाठी दोन स्टार कापा, माझी हरकत नाही.

तुमच्यासाठी एक कॉपी मी तपासून बाजूला ठेवलीय, काउंटरच्या मागच्या खणात. येताना जुनी घेऊन या, पावती नसली तरी चालेल. पुस्तकच नको असेल तर पूर्ण पैसे परत, काही न विचारता. यायला जमणार नसेल तर दुकानाच्या नंबरवर फक्त 'चौदावा फर्मा' एवढा मेसेज टाका, मुलगा घरी आणून देईल, डिलिव्हरीचे पैसे लागणार नाहीत. ज्यांनी ज्यांनी ही कादंबरी आमच्याकडून नेलीय त्यांनी पण कृपया पान २०८ च्या पुढे काय आहे ते आजच बघा.

आणि सर, नवीन कॉपी घेतलीत तर शेवटापासून बघू नका, २०९ पासून २२४ पर्यंत सलग वाचा. त्यानंतरही बोगस वाटली तर येऊन सांगा, मिस्टर संध्याकाळी सातनंतर दुकानातच असतात, त्यांना ह्या विषयावर बोलायला आवडतं. सोमवारी दुकान बंद असतं.